रायझन ३ २२००जी प्रोसेसर काढून रायझन ५ ५६०० बसवला : आठ महिन्यांनंतर

माझा कॉम्प्युटर दिवसा कामाला आणि रात्री खेळाला. दिवसभर सातबारा, पीक विमा, पोरांचे ॲडमिशनचे फॉर्म. दुकानाचं शटर पडलं की व्हॅलोरंट, जीटीए ५, मूड असला तर सायबरपंक. गाव घाटंजी तालुक्यात, जिल्हा यवतमाळ. हे आधीच सांगतो, कारण पुढं जे लिहिलंय त्यातलं अर्धं प्रोसेसरबद्दल, म्हणजे कॉम्प्युटरच्या मेंदूबद्दल आहे आणि अर्धं गावाबद्दल.

जुनी जोडणी अशी: एएमडी कंपनीचा रायझन ३ २२००जी प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, ८-८ जीबीच्या दोन रॅम, नंतर सेकंडहँड घेतलेलं जीटीएक्स १६६० सुपर ग्राफिक्स कार्ड. कार्ड आलं तेव्हा वाटलं, आता सगळं मक्खन. कशाचं काय! सरासरी फ्रेम (सेकंदाला किती चित्रं उमटतात तो आकडा) बऱ्या दिसायच्या, पण जीटीएमध्ये गाडी जोरात पळवली की चित्र क्षणभर अडकायचं आणि मग एकदम पुढं उडी मारायचं. मागं स्टुलावर बसून पाहणारी पोट्टीसुद्धा म्हणायची, "भाऊ, याले उचकी काऊन लागते?"

वर्षभर मी कार्डालाच शिव्या घातल्या. मग एका रात्री कोण किती राबतंय ते दाखवणाऱ्या आफ्टरबर्नर सॉफ्टवेअरचे आकडे स्क्रीनच्या कोपऱ्यात लावून खेळलो. प्रोसेसरचे चारही थ्रेड (एका वेळी चालणारे कामाचे धागे) शंभर टक्क्यांवर, आणि कार्ड पन्नास-साठ टक्क्यांवर निवांत. वावरात वेचणीला तीस बाया आणि संध्याकाळी कापूस मोजायला काटा एकच, तसा प्रकार. तुमच्याकडेही असं अडकत असेल तर पैसे काढण्याआधी हे आकडे पाहा. कार्डच ९८-९९ वर असेल तर प्रोसेसर बदलून हाती काही लागणार नाही.

२२००जी हा २०१८ चा, चार कोअर, चार थ्रेड, एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) फक्त ४ एमबी. ५६०० एप्रिल २०२२ चा, सहा कोअर, बारा थ्रेड, कॅश ३२ एमबी. दोघांचं सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसरची जागा) एकच, एएम४, आणि दोघंही ६५ वॅटचे, त्यामुळे बोर्ड तोच, रॅम तीच, वीज पुरवणारा एसएमपीएस तोच. ५५०० थोडा स्वस्त मिळत होता, पण त्यात कॅश निम्मीच, १६ एमबी. जास्त कॅशचे एक्स३डीवाले प्रोसेसर माझ्या कार्डाला झेपणारे नाहीत, म्हणजे ते पळतील पण कार्ड मागं राहील. एएम५ हे पुढचं सॉकेट, म्हणजे नवा बोर्ड आणि डीडीआर५ रॅम, आणि रॅमचे भाव गेल्या हिवाळ्यात जे भडकले ते पाहता तो विषय तिथंच संपला.

दुसरं एक कारण होतं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ च्या यादीत २२००जी नाही. गावाचे आधार नंबर ज्या मशीनवर टाइप होतात ती तशीच ठेवायला मन घेईना.

सोयाबीन विकल्यावर नोव्हेंबरात नागपूरहून नवा, सीलबंद घेतला, ९,४०० रुपयांना. बाबांनी विचारलं, "एवढ्यात डीएपीच्या किती बॅगा येतात मालूम हाय का तुले?" मालूम होतं. १,३५० ची एक, म्हणजे सातला थोडी कमी.

प्रोसेसर हातात आला म्हणून लगेच बसवायचा नाही. जुना बसलेला असतानाच आधी बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करायचं, नाहीतर नवा प्रोसेसर बोर्डाला ओळखूच येत नाही. आणि इथं गावचा प्रश्न येतो. बायोस लिहिलं जात असताना लाईन गेली तर बोर्ड मेला समजा. मी एक केलं: बॅटरी रात्रभर चार्ज होऊ दिली आणि पहाटे इन्व्हर्टरची मेन लाईन स्वतःच बंद करून कॉम्प्युटर बॅटरीवर सुरू केला. लाईन जाण्याची भीतीच नको, ती गेलेलीच आहे. फॅट३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवरून पाच मिनिटांत काम झालं.

घोळ त्यानंतर झाला. हीटसिंकचे चार स्क्रू सोडवले, सरळ वर ओढला, आणि प्रोसेसर त्याला चिकटूनच सॉकेटमधून उपसून आला. दांडी लॉक होती तरी. सहा-सात वर्षांत दोघांमधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळून डिंक झालेली. १३३१ पिनांपैकी कोपऱ्यातल्या तीन वाकल्या. मोबाईलचा कॅमेरा झूम करून, आईच्या गोधडीच्या सुईनं अर्धा तास त्या सरळ करत बसलो. आई बाजूला उभी, तिला काळजी सुईची. तुम्ही काढाल तेव्हा आधी पंधरा मिनिटं गेम चालवून पेस्ट गरम करा, मग मशीन बंद करून हीटसिंक हळूहळू डावी-उजवीकडं फिरवा, मगच उचला.

नवा बसवल्यावर काळ्या स्क्रीनवर एफटीपीएम (प्रोसेसरमधली सुरक्षेच्या किल्ल्या ठेवणारी सोय) रीसेट करायचं का, वाय की एन, असा प्रश्न येतो. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कचं कुलूप, लावलेलं नसेल तर वाय दाबा. विंडोज ११ वर व्हॅलोरंट टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (फक्त खात्रीचंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) मागतो, माझी डिस्कची मांडणी जुन्या एमबीआर पद्धतीची, त्यामुळे आधी विंडोजच्या एमबीआर२जीपीटी टूलनं ती नव्या जीपीटी पद्धतीची केली, मग बायोसमध्ये सीएसएम, म्हणजे जुन्या पद्धतीनं सुरू होण्याची सोय, बंद केलं. हा क्रम उलटा केला तर विंडोज उघडणार नाही. एक रविवार यात गेला.

आणि माझा सगळ्यात मोठा गाढवपणा: बायोस अपडेटनं एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगानं चालवणारं सेटिंग, बंद झालं होतं. तीन हजारची रॅम २१३३ वर धावत होती आणि मी नऊ दिवस "एवढाच फरक?" म्हणून तोंड पाडून बसलो होतो.

आता फरक. माझी स्क्रीन १०८० पिक्सेलची, ७५ हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ७५ चित्रंच दाखवणारी. जीटीए ५ मध्ये पूर्वी सरासरी सत्तरीच्या आसपास आणि मध्येच ३५ पर्यंत आपटायचा. आता शंभराच्या वर, आणि गर्दीच्या रस्त्यावरही ७५ च्या खाली क्वचित. व्हॅलोरंट दीडशेवरून तीनशेपर्यंत गेला, पण खरं सांगायचं तर ७५ हर्ट्झच्या स्क्रीनवर तो आकडा मिरवण्यापुरताच. सायबरपंकमध्ये बाजारातली गर्दी आली की पूर्वी मी उठून पाणी प्यायला जायचो. आता तिथं कार्ड दमतं, प्रोसेसर नाही, ५५-६० मिळतात मिडियमवर. मला विचाराल तर नऊ हजार रुपये मी फ्रेमला नाही दिले, ती उचकी जायला दिले. ती गेली.

जानेवारीत मात्र तापमान हळूहळू चढू लागलं. गेम नाही, नुसता ब्राउझर उघडला तरी पंखा घोंगावतोय. भाव वाढेल या आशेनं त्या महिन्यात समोरच्या खोलीत छतापर्यंत कापूस भरलेला होता, आणि दुकान त्याच खोलीला लागून. कॅबिनेट उघडलं तर पंख्याच्या पात्यांवर रुईच्या अक्षरशः वाती वळल्या होत्या, देवापुढं लावाव्या अशा. हीटसिंकच्या पट्ट्यांत पांढरा नमदा बसलेला. साध्या ब्रशनं काढून टाकला आणि समोरच्या जाळीला आईच्या जुन्या पातळाचा तुकडा ताणून बांधला. तो आठवड्याला झटकतो. कापसाच्या भावाचं म्हणाल तर ते वेगळं दुःख आहे.

मे महिना हा खरा पेपर. बाहेर ४५, खोलीत कूलर लावूनही ३६-३७. डब्यासोबत येणारा रेथ स्टेल्थ हाच हीटसिंक-पंखा मी वापरतो, आणि गेममध्ये तापमान ८८ वर जायला लागलं. ५६०० ची मर्यादा ९० आहे, त्यापुढं तो आपला वेग आपणच कमी करतो. बायोसमध्ये पीपीटी, म्हणजे प्रोसेसरला जास्तीत जास्त किती वीज घेऊ द्यायची ती मर्यादा, ७६ वॅटवरून ६० वर आणला. तापमान ऐंशीच्या खाली, आणि फ्रेम चार-पाचनं कमी. एवढ्यासाठी दोन-अडीच हजारांचा नवा कूलर घ्यायची गरज वाटली नाही. खोलीतल्या कूलरचं ओलं वारं सरळ कॅबिनेटवर सोडू नका एवढंच.

एक गोष्ट मला घेताना माहीत होती, पण तिची किंमत कळली जूनमध्ये. ५६०० ला स्वतःचं ग्राफिक्स नाही, कार्डाशिवाय स्क्रीनवर काही दिसत नाही. मृगाच्या पहिल्याच पावसात वीज कडाडली, लाईन दोनदा उसळली आणि कार्ड गेलं. प्रोसेसर ठणठणीत, स्क्रीन काळी. बाहेर अकरावीच्या ॲडमिशनवाल्या पोरांची रांग. कार्ड दुरुस्तीला नागपूरला पाठवलं, बारा दिवस लागले, १,८०० रुपये गेले.

त्या बारा दिवसांत दुकान चाललं ते २२००जीवर. वाकलेल्या पिनांमुळे त्याला गिऱ्हाईक मिळालं नव्हतं. ज्यानं पाहिला त्यानं नाक मुरडलं. त्याचं स्वतःचं ग्राफिक्स फॉर्म भरायला भरपूर आहे, आणि माझ्या बोर्डाचं नवं बायोस त्याला अजून ओळखतं. सगळे बोर्ड ओळखत नाहीत, यादी पाहून घ्या. या वेळी हीटसिंक फिरवून काढला, एकही पिन वाकली नाही.

कार्ड परत आलंय, ५६०० जागेवर आहे, कॅबिनेटच्या आधी आता चांगला स्पाइक गार्ड लावलाय आणि ढग दिसले की प्लगच काढतो. २२००जी स्टीलच्या डब्यात, पिना वर करून ठेवलाय. विकायची जाहिरात काढून टाकली.