स्पीड बेंचच्या नावाखाली मला दुसऱ्याचीच शीट विकली

हे आधीच लिहायला पाहिजे होतं पण लाज वाटत होती, कारण चूक माझीपण आहे, तीन महिन्यांचे पैसे मी एकदम भरले. माझी बेंच प्रेस (बाकावर झोपून छातीवरून बार वर ढकलायचा) ११० किलोवर सहा महिने अडकलेली, मी रॉ लिफ्टर, म्हणजे बार ढकलायला मदत करणारा तो घट्ट बेंच शर्टबिर्ट कधी घातला नाही, आणि एका ऑनलाइन कोचने सांगितलं की भावा तुझा बार स्लो आहे, तुला पर्सनल स्पीड प्रोग्राम बनवून देतो, दर आठवड्याला व्हिडिओ बघून बदल करणार.

आली एक शीट. स्पीड डेला, म्हणजे हलकं वजन वेगाने ढकलायच्या दिवशी, ९ सेट, ३ रेप्स, मॅक्सच्या (एका रेपला जास्तीत जास्त जमतं त्या वजनाच्या) ६० टक्के म्हणजे ६६ किलो, वर बारला रबरी बँड. ज्यांना माहितीय त्यांनी ओळखलं असेल, ही अमेरिकेतल्या वेस्टसाइड बारबेल जिमच्या कोच लुई सिमन्सची डायनॅमिक एफर्ट पद्धत. पद्धत फालतू नाहीये, पण ती वाढली बेंच शर्ट घालणाऱ्यांमध्ये. शर्ट छातीपासून बार उचलायला मदत करतो, खरी मारामारी वर लॉकआउटला, म्हणजे शेवटी कोपर सरळ करताना, आणि बँडचा ताणपण वरतीच वाढतो, म्हणून त्यांना ते फिट बसतं. माझा बार अडकायचा छातीच्या चार बोटं वर. तिथे बँड जवळजवळ ढिलाच असतो! शिवाय सगळे रेप्स टच अँड गो (छातीला लागला की लगेच वर) लिहिलेले, आणि मीटला, म्हणजे स्पर्धेत, छातीवर बार थांबवून पंचाचं 'प्रेस' ऐकल्याशिवाय ढकलता येत नाही. बँडचं वजन ६० टक्क्यांत धरायचं की वेगळं, हे विचारलं तर उत्तर काय, 'ट्रस्ट द प्रोसेस'.

व्हिडिओचं तर विचारूच नका. पाचव्या आठवड्यात चुकून मी वर्षभरापूर्वीचा व्हिडिओ पाठवला, वेगळा बार, वेगळी जिम, अंगावर दहा किलो कमी. साहेबांचं उत्तर, 'मस्त स्पीड, पुढच्या आठवड्यात अडीच किलो वाढव'. तिथेच थांबायला हवं होतं, पण पैसे गेलेत तर पूर्ण करू म्हणून रेटलं. बारा आठवड्यांनी टेस्ट केली तर १०७.५, आणि ११० परत त्याच चार बोटांवर मेलं. लॉकआउट मात्र झकास झाला हां.

आता मी बँड काढून ७०-७५ टक्क्यांवर पॉज देऊन, प्रत्येक रेप जोर लावून वर फेकतो, आणि दुसऱ्या दिवशी जड काम. तुम्ही कुणाला पैसे देणार असाल तर आधी एवढंच विचारा की माझा बार कुठे अडकतो ते व्हिडिओ बघून सांग, आणि टक्के कुठल्या मॅक्सवरून काढलेस, पॉजच्या की बिनपॉजच्या. गडबडला तर निघा. आणि पैसे महिन्याचेच द्या.

रिफंड मागितला तर ब्लॉक. मग रागाने शीट उघडून बसलो तर मधले दोन कॉलम लपवलेले दिसले, उघडले तर एकावर 'शर्ट मॅक्स' आणि दुसऱ्यात भलत्याच लिफ्टरचं नाव. त्याला शोधून मेसेज टाकला. तो म्हणाला, माझं नाव तुझ्याकडे आहे होय, माझ्या शीटमध्ये तिसऱ्याच कुणाचं तरी आहे.