पाळकीय ईश्वरज्ञानाचा ऑनलाइन कोर्स: व्हर्बेटिमसाठी घ्या, बाकीचं चालवून घ्या

पाळकीय ईश्वरज्ञान म्हणजे चर्चच्या पाळकाने (पास्टरने) लोकांना आधार कसा द्यायचा याचा अभ्यास; व्हर्बेटिम म्हणजे काय ते खाली येतंच. कोर्सचं नाव मुद्दाम घेत नाहीये, कारण खाली तक्रारही आहे. पण जे चर्चच्या सेवेत आहेत किंवा मंडळीच्या (चर्चच्या) वतीने आजारी माणसांना भेटायला जातात त्यांच्या उपयोगाचं आहे म्हणून लिहितोय.

इतिहासाचा भाग बरा आहे, जरा धावता. पोप ग्रेगरीने सहाव्या शतकाच्या अखेरीस पाळकांसाठी जे पुस्तक लिहिलं त्यावर मात्र सर मस्त रमतात. गरिबाला आणि श्रीमंताला, आनंदी माणसाला आणि उदास माणसाला एकच उपदेश चालत नाही हे त्याने जोड्या लावून सांगितलंय, आणि आपण अजूनही ज्याला त्याला तेच ते वचन ऐकवून मोकळे होतो ना! पुढे ईश्वरज्ञानाचा अभ्यासक हिल्टनर याने १९५८ च्या पुस्तकात सांगितलेली पाळकाची कामं, म्हणजे बरं करणं, आधार देणं, वाट दाखवणं, हे सगळं परीक्षेपुरतं उरकलंय.

खरी मजा अँटन बॉइसनपासून. हा माणूस स्वतः मानसिक आजारातून गेलेला, आणि १९२५ मध्ये अमेरिकेतल्या वूस्टरच्या मनोरुग्णालयात ईश्वरज्ञानाच्या विद्यार्थ्यांना शिकायला थेट रुग्णांमध्ये घेऊन गेला, रुग्ण हाच वाचायचा ग्रंथ म्हणून. त्याच परंपरेतलं व्हर्बेटिम इथे करून घेतात, म्हणजे भेटीनंतर संभाषण आठवेल तसं ओळ न ओळ लिहायचं आणि शेजारी आपल्या मनात तेव्हा काय चाललं होतं तेही. नमुन्यात रुग्ण म्हणतो, रात्री फार भीती वाटते, आणि भेटायला आलेला लगेच, चला प्रार्थना करूया. त्यावर सरांचा शेरा: ही प्रार्थना त्याच्यासाठी, की तुम्हाला तिथून सुटायचं होतं? बापरे. बायबलमधल्या दुःखात बुडालेल्या ईयोबाचे मित्र त्याच्याजवळ सात दिवस सात रात्री गप्प बसले तोवर ठीक होतं, तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं, हेही त्याच लेक्चरमधलं.

आता तक्रार. व्हर्बेटिम एकमेकांना तपासायला देतात आणि तिथे कुणी वाली नाही. एकाने तर भेटलेल्या बाईंचं खरं नाव आणि आजार जसाच्या तसा टाकला होता, कळवूनही कितीतरी दिवस तो तसाच. लोकांनी विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी आहेत या, नावं बदलल्याशिवाय अपलोडच होऊ नये असं काहीतरी हवं होतं. शिवाय 'छान लिहिलंय, देव आशीर्वाद देवो' याला अभिप्राय म्हणत नाहीत.

पाचपैकी साडेतीन. चर्चमध्ये संदेश (प्रवचन) कसा द्यायचा हे शिकायचं असेल तर हा कोर्स नाही, आणि ज्यांच्या सध्या कुणाशी भेटीगाठीच होत नाहीत त्यांनीही थांबावं, कारण लिहायला काही नसेल तर अर्धा कोर्स वाया.