प्रथिन औषधासाठी हायड्रोजेल की पीएलजीए?

इन्सुलिन, ग्रोथ हार्मोन, अँटिबॉडी ही सगळी प्रथिनं. गिळली तर पोटातच पचून जातात, म्हणून सुई. रोजची सुई टाळायची तर औषधाचा साठा त्वचेखाली ठेवून हळूहळू झिरपू द्यायचा. तो कशात ठेवायचा? पीएलजीए या शरीरात विरघळणाऱ्या प्लास्टिकच्या सूक्ष्म गोळ्यांत, की पॉलिमरच्या जाळीत पाणी धरून बसलेल्या हायड्रोजेलमध्ये?

पीएलजीएचा अनुभव दांडगा, पण प्रथिनाची घडी, म्हणजे ज्या आकारात ते काम करतं तो आकार, नाजूक. गोळे बनवताना बहुधा डायक्लोरोमिथेनसारखं द्रावक लागतं. पुढे पॉलिमर तुटताना लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्ल गोळ्याच्या आतच साचतं. घडी मोडली की औषध वाया. पीएलजीएत भरलेलं ग्रोथ हार्मोनचं 'न्यूट्रोपिन डेपो' अमेरिकेत 1999 मध्ये मंजूर झालं आणि 2004 मध्ये बंदही झालं. उत्पादनाचा खटाटोप परवडेना.

हायड्रोजेलमध्ये हा छळ नाही. अल्जिनेटच्या (समुद्री शेवाळातून मिळणाऱ्या पॉलिमरच्या) द्रावणात प्रथिन मिसळायचं, कॅल्शियम क्लोराइडमध्ये थेंब सोडायचे. साध्या तापमानाला टपोरे मणी तयार! दुखणं आहे ते गळतीचं. सुमारे 5,800 डाल्टनचं (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक) इन्सुलिन जाळीतून भराभर निसटतं. 1,50,000 डाल्टनची अँटिबॉडी जरा रेंगाळते.

ल्युप्रोलाइड या हार्मोनसारख्या औषधासारखी छोटी पेप्टाइडं, म्हणजे प्रथिनांच्याच धर्तीच्या आखूड साखळ्या, पीएलजीएत महिनोन्‌महिने टिकतात, तिथे उगाच बदल नको. अख्ख्या प्रथिनासाठी मात्र मी आधी हायड्रोजेलच करून बघेन. ग्रोथ फॅक्टर (पेशींना वाढायला सांगणारं प्रथिन) असेल तर जाळीला हेपारिन ही साखरेची लांब साखळी जोडायची, बरेचसे ग्रोथ फॅक्टर तिला चिकटून राहतात.