तळ्यावर येऊन माशाचं रक्त तपासणारी सेवा: साडेतीन तारे

इंदापूरजवळ आमचं शेततळं आहे, रोहू-कटल्याचं. फेब्रुवारीत मासे वर येऊन तोंड उघडायला लागले, म्हणून यांना बोलावलं. आलेला पोरगा हाताचा चोख. लवंगतेलाच्या पाण्यात रोहू शांत केला, शेपटीच्या मुळाशी खालून सुई घातली, मिनिटभरात रक्त हातात. पण रंग लाल नाही, चॉकलेटी! पाण्यात नायट्राइट (माशांच्या घाणीतून, उरलेल्या खाद्यातून तयार होणारं विषारी द्रव्य) वाढलं की हिमोग्लोबिन ऑक्सिजन धरत नाही, हे त्यानं तिथंच सांगितलं. पाण्याच्या किटनंही तेच दाखवलं. खाद्य बंद केलं, थोडं पाणी बदललं, मीठ टाकलं. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही म्हणे. आठवड्यात मासे खाली गेले.

रिपोर्टवर मात्र माझा राग आहे. पेशी मोजल्या माणसांच्या यंत्रावर. माशाच्या लाल पेशीत केंद्रक असतं, माणसाच्या लाल पेशीत नसतं, म्हणून यंत्र तिलाच पांढरी समजतं. आकडा बघून मी घाबरलोच. पेशी काचपट्टीवर, सूक्ष्मदर्शकाखाली मोजायला हव्या होत्या. साखरही जास्त लिहिलीय. अर्धा तास जाळ्यात तडफडलेल्या माशाची साखर चढणारच की! (आमच्या आईचं बीपीही दवाखान्यातच चढतं.)

पुन्हा बोलावीन, पण पेशींच्या रकान्याचे पैसे देणार नाही.