भेगेवरची टेल-टेल पट्टी: विंगवॉलला उत्तम, पायाच्या खरडीला निरुपयोगी

भेगेवर सिमेंटचा लेप मारला की ती दिसेनाशी होते, थांबत नाही. ती वाढतेय का हे पाहायला काळ्या जमिनीतल्या लहान पुलांवर आणि मोऱ्यांवर ॲक्रिलिकच्या टेल-टेल पट्टीइतकं स्वस्त आणि कामाचं दुसरं साधन नाही. दोन पारदर्शक पट्ट्या एकमेकींवर सरकतात. एकीवर मिलिमीटरचे चौकोन, दुसरीवर फुली. जुन्या पद्धतीची काचपट्टी फुटते तेव्हा भिंत हलली एवढंच कळतं. इथे किती आणि कोणत्या दिशेला हलली, तेही दिसतं.

खरी परीक्षा बसवण्यात आहे. चुना, शेवाळ, पोकळ गिलावा तारेच्या ब्रशने काढून मूळ काँक्रीट उघडं करा. दगडी बांधकामात पट्टी दरजांवर नको, दगडावरच लावा. इपॉक्सी फक्त दोन टोकांना. मधे थेंब जरी गेला तरी पट्ट्या एकमेकींना चिकटतात आणि भिंत कितीही सरकली तरी फुली शून्यावरच. इपॉक्सी पूर्ण घट्ट झाल्यावर शून्यावर धरणाऱ्या पिना काढायला विसरू नका. ओल्या भिंतीवर इपॉक्सी धरत नाही, म्हणून मृग लागायच्या आत काम उरका. इपॉक्सीऐवजी स्क्रूने बसवत असाल, तर ते करकचून आवळले की ॲक्रिलिक भोकापाशी तडकतं.

वाचन महिन्यातून एकदा, ऊन चढण्याआधी, तापमानाच्या नोंदीसह. डोळा फुलीच्या अगदी समोर हवा, तिरकं पाहिलं की आकडा चुकतो. आपल्याकडे हिवाळी पहाट १० अंशांची आणि मे महिन्याची दुपार ४५ची. एवढ्या फरकात १० मीटरचा काँक्रीटचा गाळा, म्हणजे दोन आधारांमधला पुलाचा भाग, सुमारे ४ मिलिमीटर लांबतो, त्यामुळे गाळ्यांच्या जॉइंटजवळच्या पट्टीवरचा आकडा पाहून लगेच घाबरू नये. काळी माती उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते, विंगवॉलची, म्हणजे पुलाच्या टोकाला माती अडवणाऱ्या बाजूच्या भिंतीची, भेगही तिच्यासोबत उघडझाप करते. वर्ष उलटल्यावर फुली जुन्या जागी आली तर भेग ऋतूची. दरवर्षी थोडी पुढेच राहत असेल, तर भिंतीतली वीप होल, म्हणजे मागचं पाणी बाहेर सोडणारी भोकं, आधी तपासा. ती गाळाने बुजली की मागचं पाणी भिंतीला बाहेर ढकलतं.

फुली अर्ध्या मिलिमीटरपर्यंत अंदाजाने वाचता येते. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात भेगेची सर्वसाधारण मर्यादाच ०.३ मिलिमीटर आहे. म्हणून गर्डरच्या, म्हणजे पुलाच्या तुळईच्या, बारीक भेगांना ही पट्टी चालत नाही, तिथे भेग मोजायचा सूक्ष्मदर्शक लागतो.

पायाखालची खरड, म्हणजे ओघाने पायाजवळची माती-रेती वाहून जाणं, तर हिला दिसतच नाही. २ ऑगस्ट २०१६ ला महाडजवळ सावित्रीच्या पुरात ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला. असा धोका भिंतीवरच्या भेगेत आधी दिसेलच असं नाही. वर्धा, पैनगंगेच्या पात्रातल्या पिअरना (पुलाच्या खांबांना), त्यातही जवळून रेती उपसली जात असेल तिथे, पूर ओसरल्यावर दोरीला वजन बांधून पिअरभोवती चारही बाजूंनी खोली मोजा आणि आकडे मागच्या वर्षीच्या आकड्यांशी ताडून पाहा.