आठ महिन्यांच्या वापरानंतर : रोटरी पॉलिशरची १२५ मिमी लवचीक बॅकिंग प्लेट

बफिंगच्या, म्हणजे गाडीचा रंग मशीनने घासून चमकवण्याच्या कामात चर्चा होते ती कंपाउंडची (घासायच्या लेपाची), पॅडच्या रंगाची आणि मशीनच्या वॅटची. मशीन आणि पॅड यांच्या मध्ये बसणारी बॅकिंग प्लेट, जिला आमच्या गॅरेजमध्ये सगळे ‘वेल्क्रोची चकती’ म्हणतात, ती मात्र मशीनबरोबर फुकट मिळालेली वस्तू समजून झिजेपर्यंत वापरली जाते. मीही कित्येक वर्षे तेच केले. गेल्या श्रावणात मी पहिल्यांदा वेगळी प्लेट मुद्दाम विकत घेतली आणि तेव्हापासून कोल्हापुरातल्या आमच्या छोट्या डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजमध्ये ती जवळजवळ रोज फिरते आहे. कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण याच घडणीच्या प्लेट अनेक जण विकतात आणि माझे म्हणणे घडणीविषयी आहे.

मशीनबरोबर आलेली जुनी प्लेट कडक प्लास्टिकची होती आणि तिच्या तोंडावर जेमतेम चार मिलिमीटर फोम होता. मशीन हातात धरले की मनगटापर्यंत थरथर येत असे. दोष मशीनच्या बेअरिंगचा असावा असे धरून मी ते एकदा उघडलेही. पुढे उद्यमनगरातल्या एका ओळखीच्या लेथवाल्याने प्लेट स्पिंडलवर, म्हणजे मशीनच्या फिरत्या दांड्यावर, चढवून कडेला डायल (बारीक डोलणे मोजणारे घड्याळ) लावला, तेव्हा ती जवळपास एक मिलिमीटर आउट, म्हणजे वाकडी फिरणारी, निघाली. मशीन निर्दोष होते. ज्यांना डायल मिळणार नाही त्यांनी वीज काढून, कडेजवळ पेन्सिल स्थिर धरून प्लेट हाताने फिरवावी. पेन्सिल एका बाजूला टेकत आणि दुसऱ्या बाजूला सुटत असेल तर उत्तर मिळाले.

नवी प्लेट घेताना आट्यांची गफलत झाली. आपल्याकडच्या बहुतेक सात इंची पॉलिशरचा स्पिंडल एम १४ असतो, म्हणजे व्यास १४ मिमी आणि आट्यांमधले अंतर २ मिमी. अमेरिकी मापाच्या प्लेटचे आटे पाच अष्टमांश इंचाचे, एका इंचात अकरा, असे असतात. विक्रेत्याने पहिल्यांदा तीच पाठवली. ती स्पिंडलवर थोडी चढते, डुलते आणि बसल्यासारखी वाटते, म्हणूनच ती धोकादायक आहे. बदलून घेण्यात पंधरा दिवस गेले.

आता मुख्य गोष्ट. या प्लेटचा पाठीकडचा भाग कडक आहे आणि त्याच्यापुढे सुमारे बारा मिलिमीटर जाडीचा, बोटाने दाबला तर दबून परत वर येणारा पॉलियुरेथेनचा थर आहे. त्याच्यावर पॅड धरून ठेवणारे वेल्क्रोचे बारीक आकडे (हुक) आहेत. कडक प्लेट सपाट बॉनेटवर ठीक चालते, पण चाकावरच्या कमानीवर किंवा बंपरच्या वळणावर आली की पॅडचा अर्धाच भाग टेकतो आणि हाताचा सगळा दाब त्या अर्ध्या भागाच्या कडेवर उतरतो. गाडीच्या मूळ रंगावरचा क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, साधारण ४० मायक्रॉनच्या आसपास असतो, आणि दाराच्या मधून जाणाऱ्या धारेवर तो त्याहूनही पातळ झालेला असू शकतो. अशा ठिकाणी कडेचा दाब दोन-तीन सेकंद जास्त राहिला तरी रंग उघडा पडतो. लवचीक प्लेट वळणाप्रमाणे स्वतः झुकते, त्यामुळे पॅड अधिक पसरून टेकतो आणि दाब वाटला जातो. जुन्या प्लेटने काम करताना मी प्रत्येक धारेवर मास्किंग टेप लावत असे. आता टेप लावतो ती फक्त धारदार कडांवर. काळ्या गाड्यांवर रोटरीने उमटणारे धुरकट फिरते पट्टेही कमी झाले आहेत, पण त्याचे सगळे श्रेय मी प्लेटला देणार नाही, कारण त्याच सुमारास मी शेवटचा हात मऊ फोमने मारायला लागलो.

मात्र दोन हजार नंबरच्या बारीक सँडपेपरने पाण्यावर घासलेला नवा रंग चकाकीवर आणायचा असेल आणि समोर छप्पर किंवा बॉनेट असेल, तर लवचीक प्लेट मागे पडते. लोकरीच्या पॅडला जो ठाम आधार हवा असतो तो ती देत नाही. हात दाबत राहतो आणि दाबाचा काही भाग फोमच गिळतो. ज्या छपराला कडक प्लेटने वीस मिनिटे लागत, त्याला अर्धा तास लागतो. म्हणून जुन्या प्लेटच्या जागी मी सरळ फिरणारी एक कडक प्लेटही आणली आणि सपाट भागावरच्या जोरकस कापणीसाठी, म्हणजे ओरखडे घासून काढण्यासाठी, ती वेगळी ठेवली आहे.

मापाविषयी एवढेच सांगतो की १२५ मिमीच्या प्लेटवर मी १५० मिमीचा पॅड लावतो, म्हणजे चारही बाजूंनी साडेबारा मिलिमीटर पॅड बाहेर राहतो. तो घाईत पाच मिलिमीटर सरकून बसला, तर एका बाजूला साडेसातच उरतात, मशीन थरथरते आणि आरशाच्या बुडाशी प्लेटची कडा रंगाला लागण्याची भीती असते. मधोमध भोक असलेले पॅड घेतले तर बोटाने चाचपून नेम धरता येतो.

या प्लेटने एकदा चांगलाच फटका दिला, आणि त्यात माझी चूकही होती. दसऱ्याच्या गर्दीत तिने तक्रार केली नाही. जानेवारीत, म्हणजे पाचव्या महिन्यात, एका काळ्या गाडीच्या दारावर मिनिटाला १८०० फेऱ्यांच्या वेगाने कापणी चालू असताना पॅड सुटून उडाला आणि उघडे आकडे दारावर घासले. ओरखडे पॉलिशने निघण्यासारखे नव्हते. दार स्वखर्चाने पुन्हा रंगवावे लागले. प्लेट उलटी करून पाहिली तर मधल्या रुपयाएवढ्या भागातले आकडे वितळून सपाट झाले होते, कडेचे मात्र ठणठणीत होते. मध्यभागी हवा खेळत नाही, पॅडमधली उष्णता तिथेच कोंडते आणि आकडे नरम पडले की सरळ होतात. वेल्क्रोची ताकद समजून घेतली तर हे कोडे सुटते. जॉर्ज द मेस्त्राल या स्विस अभियंत्याला १९४१ मध्ये कुत्र्याच्या केसांत अडकलेल्या काटेरी फळांवरून ही कल्पना सुचली. आपल्याकडे रानातून आल्यावर धोतराला चिकटलेली कुसळे ज्यांनी काढली आहेत त्यांना ती वेगळी समजवायला नको. अशी पकड बाजूने ओढले तर घट्ट राहते, पण एका कडेने सोलले तर सहज सुटते. मधली पकड गेली होती, पॅड गरम आणि ओला होता, आणि दाराच्या खालच्या वळणावर त्याची एक कडा सोलली गेली.

त्यानंतर बाजारात मिळणारी चिकट वेल्क्रोची चकती त्याच प्लेटवर लावून पाहिली. दुसऱ्याच गाडीला डिंक पातळ होऊन चकती सरकली, त्यामुळे तो प्रयोग तिथेच संपला. नवी प्लेट घेतली. आता एका पॅडवर सलग काम न करता तीन पॅड आलटून पालटून लावतो, दर पॅनलनंतर पॅडच्या पाठीला हात लावून पाहतो, आणि संध्याकाळी पॅड प्लेटवर लावून ठेवत नाही. आकड्यांत अडकलेली लोकर आणि वाळलेले कंपाउंड जुन्या टूथब्रशने काढतो.

गॅरेजमध्ये शिकायला असलेल्या मुलाने मध्यंतरी विचारले, “दादा, ही चकती आपल्या चार इंची ग्राइंडरला लावली तर चालेल का?” त्या ग्राइंडरचा स्पिंडल एम १० असल्याने ही चढतच नाही, पण तशा मापाच्या प्लेट दुकानात मिळतात म्हणून सांगतो : साधा ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फेरे घेतो. १५० मिमीच्या पॅडची कडा १५०० फेऱ्यांवर ताशी सुमारे ४२ किलोमीटरने धावते, आणि ११,००० वर ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे. वेग कमी करता येत नसेल तर असे मशीन रंगाच्या जवळ नेऊ नये. प्लेटच्या पाठीवर कमाल फेऱ्यांचा आकडा छापलेला असतो. माझ्या पहिल्या प्लेटवरचा तो आकडा मी वाचला तो ती निकामी झाल्यावर. नव्या प्लेटच्या पाठीवर मार्करने तारीख लिहिली आहे, आणि वेल्क्रोचे मधले आकडे दर रविवारी अंगठ्याने चाचपून पाहतो. आजवर ते टोचतात.