बिजान की गिब्ज? तरुण रनिंग बॅक निवडताना

२०२५ चा हंगाम सुरू होण्याआधी एका रात्री पुण्याच्या मित्राचा निरोप आला. तो त्याच्या कंपनीच्या अमेरिकेतल्या टीमबरोबर फॅन्टसी फुटबॉल खेळतो, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या (एनएफएल) खऱ्या खेळाडूंचा आपला संघ बनवायचा आणि त्यांच्या खेळावर गुण मिळवायचे. बारा जणांची डायनेस्टी लीग (खेळाडू वर्षानुवर्षं आपल्याकडेच राहतात), पूर्ण पीपीआर (झेललेल्या प्रत्येक पासला एक गुण). "अरे, माझ्याकडे गिब्ज आहे. समोरचा बिजान द्यायला तयार आहे, एकास एक. करू का? शुक्रवारपर्यंत सांगायचंय."

मी "कर" असं लिहिलं आणि पाठवायच्या आधी पुसलं. एका शब्दात सांगण्यासारखी ही गोष्ट नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये माझ्या ऑफिसच्या लीगमध्ये मी जमीर गिब्ज घेतला आणि दुसऱ्या एका लीगमध्ये बिजान रॉबिन्सन. दोघेही रनिंग बॅक, म्हणजे मुख्यतः चेंडू घेऊन धावणारे. दोघांनाही दोन-दोन हंगाम सांभाळलं. २०२५ चा हंगाम तोंडावर असताना हाच प्रश्न बऱ्याच जणांना पडला असणार, म्हणून जरा सविस्तर लिहितो. सगळी परिस्थिती तेव्हाची आहे.

कोण किती चपळ, कुणाचा कट कसा, कोण किती वजनाचा, यात मी शिरत नाही. ते तुम्ही पाहिलेलंच आहे. दोघेही २००२ चे, दोघेही २०२३ च्या ड्राफ्टमध्ये (एनएफएल संघांची नव्या खेळाडूंची वार्षिक निवड) पहिल्या फेरीत गेलेले. बिजान आठवा, अटलांटा फाल्कन्सकडे. गिब्ज बारावा, डेट्रॉइट लायन्सकडे. पास झेलण्यात दोघेही उत्तम, त्यामुळे पीपीआरमध्ये दोघांनाही पाया भक्कम आहे. गुणवत्तेवरून निवडायचं म्हटलं तर डोळे मिटून चिठ्ठी उचलली तरी चालेल.

मग आकडे. फम्बल (हातून सुटलेला चेंडू) वगैरे बाजूला ठेवून साधा हिशोब केला तर पहिल्या वर्षी बिजानचे साधारण २५२ गुण होतात आणि गिब्जचे २४४. पण गिब्ज मांडीच्या दुखापतीमुळे दोन सामने बाहेर होता, म्हणजे सामन्यामागे तोच पुढे. दुसऱ्या वर्षी, २०२४ मध्ये, गिब्जने धावून १,४१२ यार्ड, झेलून ५१७ आणि एकूण २० टचडाउन (चेंडू गोल रेषेपार नेणं, सहा गुण) केले. बिजानने धावून १,४५६, झेलून ४३१ आणि एकूण १५ टचडाउन. गुण साधारण ३६५ विरुद्ध ३४०. एका कॅरीमागे (चेंडू घेऊन धावायची एक खेप) गिब्जचे साडेपाचहून जास्त यार्ड, बिजानचे पाचाच्या आत. कागदावर गिब्ज जिंकतो, हे मी आधीच मान्य करतो. मित्राला वाटणारी धाकधूकही त्यामुळेच आहे.

तरी माझा कल दुसरीकडे आहे, आणि त्याचं कारण कुठल्याही तक्त्यात सापडत नाही.

गिब्ज तुमच्याकडे असला की रविवार कसा जायचा ते सांगतो. लायन्सचा ड्राइव्ह, म्हणजे चढाई, सुरू होते. गिब्ज डावीकडून नऊ यार्ड काढतो. मग एक स्क्रीन पास, चौदा यार्ड. मग मधून फट मिळते आणि तो थेट गोल रेषेपासून चार यार्डांवर पोचतो. तुम्ही सोफ्यावरून उठलेले असता. आणि त्याच वेळी गिब्जची जर्सी पाठमोरी कडेकडे पळत जाताना दिसते आणि ५ नंबर आत येतो. लायन्सचा दुसरा रनिंग बॅक, डेव्हिड मॉन्टगोमेरी. दोन धक्क्यांत टचडाउन. शेत नांगरलं गिब्जने, कणीस नेलं दुसऱ्यानेच.

दर वेळी असं होत नाही. गिब्जने स्वतःही जवळून पुष्कळ टचडाउन केले आहेत, नाहीतर वीसचा आकडा आला नसता. संघाच्या बाजूने पाहिलं तर हे अगदी योग्यही आहे. मॉन्टगोमेरी अंगाने भक्कम, चुकत नाही, आणि लायन्सला जिंकायचं असतं, माझ्या लीगची त्यांना काय पडली आहे! डेट्रॉइटचे लोक या जोडीला प्रेमाने 'सॉनिक आणि नकल्स' (व्हिडिओ गेममधली जोडी) म्हणायचे ते उगाच नाही. पण मॉन्टगोमेरीने धावून २०२३ मध्ये १३ आणि २०२४ मध्ये १२ टचडाउन केले. त्यातले पाच-सहा जरी आपल्या माणसाच्या वाट्याला आले असते तर, हा विचार दोन वर्षं माझ्या डोक्यातून गेला नाही. चेंडू पाच यार्डांच्या आत आला की मी खेळ बघायचं सोडून कडेला कोण उभं आहे ते बघायला लागलो. आनंदासाठी खेळायचा खेळ, आणि नेमक्या आनंदाच्या क्षणी छातीत धस्स व्हायचं. माझ्यापुरता निर्णय इथेच झाला.

तुम्ही म्हणाल, बिजानचं पहिलं वर्ष काय सुखाचं होतं का? नव्हतं. २२ ऑक्टोबर २०२३ चा टॅम्पातला सामना मला चांगला आठवतो. त्या आठवड्याच्या दुखापतींच्या यादीत त्याचं नाव नव्हतं, मी त्याला निर्धास्तपणे लावलं. त्याने सामन्यात एक कॅरी घेतली, तीन यार्ड. बाकी काही नाही. डोकं दुखत होतं, बरं वाटत नव्हतं, हे नंतर कळलं. ०.३ गुण. पुण्याच्या मित्राने तेव्हा रात्री साडेदहापासून जागून तो सामना पाहिला होता आणि अर्ध्या तासाने मला विचारलं होतं, "सात नंबर कुठाय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि तो एक दिवस सोडला तरी त्या पूर्ण हंगामात कॅरी वाटल्या जात होत्या. बिजानला २१४, त्याच संघातल्या टायलर अल्जीरला १८६. आठव्या क्रमांकावर घेतलेल्या खेळाडूच्या धावून फक्त चार टचडाउन.

म्हणजे पहिल्या वर्षी दोघांचीही वाट अडलेली होती. पण कशाने अडली होती, यात मोठा फरक होता आणि तो मला उशिरा उमगला.

बिजानची वाट प्रशिक्षकाच्या पद्धतीने अडली होती. आर्थर स्मिथ यांना वेगवेगळ्या खेळाडूंत चेंडू वाटायला आवडायचं, आणि अल्जीरने आदल्याच वर्षी, रूकी (पहिल्या वर्षाचा खेळाडू) असताना, हजारावर यार्ड केले होते, त्यामुळे त्याला बसवणंही सोपं नव्हतं. जानेवारी २०२४ मध्ये स्मिथ गेले, रहीम मॉरिस आले आणि आक्रमणाची सूत्रं झॅक रॉबिन्सन यांच्याकडे गेली. दोघेही लॉस एंजेलिस रॅम्समधून आलेले. तिथे २०२३ मध्ये कायरन विल्यम्सने बाराच सामन्यांत १,१४४ यार्ड केले होते, कारण तिथे एकाच बॅकवर भार टाकायची रीत होती. हे कळलं तेव्हाच मला हायसं वाटलं. पुढे तसंच झालं. २०२४ मध्ये बिजानला ३०४ कॅरी, अल्जीरला १३७. दोघांच्या मिळून कॅरींत बिजानचा वाटा ५३.५ टक्क्यांवरून ६९ टक्क्यांवर गेला.

गिब्जची वाट माणसाने अडली होती, आणि तो माणूस चांगला होता. पहिल्या वर्षी मॉन्टगोमेरीला २१९ कॅरी, गिब्जला १८२. दुसऱ्या वर्षी गिब्ज २५०, मॉन्टगोमेरी १८५. गिब्जचा वाटा वाढला, ४५ टक्क्यांवरून ५७ वर, पण त्यातही शेवटच्या काही आठवड्यांत मॉन्टगोमेरी गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर होता हे लक्षात घ्यायला हवं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ऑक्टोबर २०२४ मध्ये लायन्सने मॉन्टगोमेरीचा करार दोन वर्षांनी वाढवला. ती बातमी वाचली तेव्हा मी ऑफिसात जेवायच्या टेबलावर होतो. गिब्जच्या पायांत काहीच कमी नव्हतं, पण माझ्या दृष्टीने त्याचं डायनेस्टीतलं मोल त्या दिवशी थोडं उतरलं.

तरुण बॅकचं मोल ठरवताना लोक त्याचं स्वतःचं वय बघतात, करार बघतात. मी आता त्याच्या शेजाऱ्याचा करार आधी बघतो. प्रशिक्षक एका खराब हंगामात बदलतो. तीन-चार वर्षांचा पैसा घेतलेला जोडीदार मात्र तिथेच असतो. अल्जीर पाचव्या फेरीतला, त्याचा रूकी करार २०२५ नंतर संपणार होता. म्हणजे बिजानच्या वाटेतली उरलीसुरली अडचणही कागदोपत्री जायच्या बेतात होती.

आता गिब्जच्या बाजूने जे खरं आहे तेही बोललं पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. २०२४ मध्ये लायन्सने ५६४ गुण केले, लीगमध्ये सर्वांत जास्त. अशा संघात अर्धा वाटासुद्धा दुसरीकडच्या पूर्ण वाट्याइतका भरतो. ऑफेन्सिव्ह लाइन (धावणाऱ्याला वाट करून देणारी फळी) भक्कम, पेनेई सूलसारखा टॅकल पुढे. आणि मॉन्टगोमेरी नसताना गिब्ज काय करतो ते आपण पाहिलं आहे. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस सोमवारी रात्री रेडर्सविरुद्ध २६ कॅरी आणि १५२ यार्ड. ५ जानेवारी २०२५ ला व्हायकिंग्जविरुद्ध चार टचडाउन. त्या रात्री माझ्या लीगचा हंगाम संपलेला होता, तरी मी उभा राहून पाहत होतो. इतका सुंदर धावणारा खेळाडू सध्या दुसरा नाही, असं मला मनापासून वाटतं. कमी कॅरी म्हणजे शरीराची झीजही कमी, आणि बॅकच्या बाबतीत ती गोष्ट तीन-चार वर्षांनी फार मोलाची ठरू शकते. या मुद्द्यावर माझ्याकडे ठाम उत्तर नाही. कदाचित २०२८ मध्ये गिब्ज अजून ताजा असेल आणि बिजान दमलेला.

पण लायन्सचंही सगळं जागच्या जागी राहिलेलं नाही. आक्रमणाची आखणी करणारे बेन जॉन्सन शिकागोला मुख्य प्रशिक्षक म्हणून गेले. लाइनमधला सेंटर फ्रँक रॅग्नाओ जून २०२५ मध्ये निवृत्त झाला. नवी व्यवस्था चांगलीही निघेल. मात्र गिब्जचं मोल ज्या दोन खांबांवर होतं, म्हणजे भरपूर गुण करणारा संघ आणि त्यातला त्याचा वाटा, त्यातला पहिला थोडा हलला होता आणि दुसरा मॉन्टगोमेरीच्या करारामुळे बांधलेला होता. बिजानच्या बाजूला तेव्हा संघ मध्यम, क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा) मायकेल पेनिक्स अजून नवखा, पण चेंडू नक्की बिजानकडे. मला संघाच्या भरभराटीपेक्षा नक्की मिळणारा चेंडू जास्त भरवशाचा वाटतो. इतर कुणाला उलट वाटलं तर त्यांनाही मी चूक म्हणणार नाही.

२०२५ च्या रूकींकडेही मी याच नजरेने बघत होतो. अॅश्टन जेंटी, रेडर्सने सहाव्या क्रमांकावर घेतलेला, बॉयझी स्टेट विद्यापीठाकडून २०२४ मध्ये २,६०१ यार्ड धावलेला. त्याच्या शेजारी दीर्घ कराराचा कुणी तगडा बॅक नव्हता. संघ कसाही असो, मी निर्धास्त घेतला असता. चार्जर्सचा ओमारियन हॅम्प्टन बाविसावा. त्याच्यापुढे नजी हॅरिस होता, पण एकाच वर्षाच्या करारावर. धीर धरणाऱ्याला हा सौदा चांगला होता. पेट्रियट्सचा ट्रेव्हियन हेंडरसन पाहायला फार छान वाटतो, पास झेलतो, कुणालाही मोह पडेल. पण रमॉन्ड्रे स्टीव्हनसनचा करार तिथे २०२४ मध्येच चार वर्षांनी वाढवलेला होता. हेंडरसनमध्ये मला गिब्जच्या रविवारांची आठवण येते. स्वस्तात मिळाला तर घ्या, पहिल्या फेरीचा पिक (नव्या खेळाडूंतून निवडायचा हक्क) देऊन नको.

एक छोटी गोष्ट रिड्राफ्टवाल्यांसाठी, म्हणजे दर वर्षी नव्याने संघ निवडणाऱ्यांसाठी. एकाच वर्षाचा प्रश्न असेल तर वरचा बराचसा भाग गळून पडतो आणि दोघे जवळजवळ सारखेच ठरतात. तिथे तुम्हाला कोणाचे सामने बघायला आवडतात ते बघा. आणि गिब्ज घेतलात तर बेंचवर एक जागा मॉन्टगोमेरीसाठी ठेवायला हरकत नाही. मी एका वर्षी ते केलं नाही आणि डिसेंबरमध्ये दुसऱ्या कुणाच्या तरी संघात तो गुण करताना पाहिला.

मित्राला शेवटी मी असं लिहून पाठवलं: "एकास एक असेल तर आजच कर, शुक्रवारची वाट बघू नकोस. वर दुसऱ्या फेरीचा पिक मागितला तरी दे. पहिल्या फेरीचा मागितला तर नको, गिब्जच ठेव. तोही सोडून देण्यासारखा खेळाडू नाही. फक्त मग दर रविवारी पाच नंबर खेळतोय का ते आधी बघ."

त्याने दहा मिनिटांनी विचारलं, "तिसऱ्या फेरीचा पिक मागतोय. देऊ?"

"दे," मी म्हटलं.